रबराचे चार तुकडे

"काका, वाटी कशाला?" दुकानातल्या देवेशने विचारलं.

घरून आणलेली स्टीलची वाटी मी त्या छोट्या फ्रिजच्या डोक्यावर ठेवली आणि तिच्यात चमचा टाकला. "चालू कर. दहा मिनिटांनी बंद कर."

"आवाज तर चालू असताना ऐकायचा ना?"

"चालू असताना सगळेच गुणी दिसतात रे. फ्रिज ओळखावा तो बंद होताना."

बोरीवली ते मालाड चाळीस वर्षं मी फ्रिज दुरुस्त केले. कुठल्या सोसायटीत कोणाचा कॉम्प्रेसर खोकतो, मला तोंडपाठ. बंद होताना तो अंग झटकतो आणि वाटीतला चमचा वाजतो. इथे तीन फ्रिज पाहिले, तिघांचाही चमचा वाजला.

"मग हा घ्या. याला कॉम्प्रेसरच नाही. एकदम सायलेंट."

"आणि मे महिन्यात चारकोपला? पाणी जरा गार होईल, इन्सुलिनची वाट लागेल. बायकोचं औषध ठेवायचंय, सरबत नाही."

"मग थोडा आवाज येणारच ना काका. तुम्ही स्वतः मेकॅनिक."

पोरगा खरं बोलत होता, म्हणून मला त्याचा राग आला.

दिवाळीनंतर साखरेपायी द्रौपदीच्या पायाची दोन बोटं काढली. स्वयंपाकघरातल्या मोठ्या फ्रिजपर्यंत तिला जाववत नाही. सून दर्शना म्हणते, हाक मारा, मी आणून देते, आणि देतेही बिचारी. पण दिवसातून तीनदा हाक मारणं द्रौपदीला जमत नाही. "माझं औषध माझ्या हाताशी असू द्या," ती म्हणाली. आणि पुढे, "फक्त घरघर नको. आता तरी."

ते 'आता तरी' माझ्यासाठी होतं. आधीच्या एका खोलीच्या घरात एकोणीस वर्षं फ्रिज तिच्या उशाशी होता. दोन भंगार फ्रिज जोडून मीच बनवलेला, त्याचा मला कोण अभिमान! पाहुणे विचारायचे, बाहेर रिक्षा चालू ठेवलीय का कुणी?

"अहो, एकदा बघा ना त्याच्याकडे," ती म्हणायची.

"रविवारी बघतो."

रविवारी कुणाचा तरी फोन यायचा, आणि मी पिशवी उचलून पळायचो. "आमच्याकडे दिव्याखाली अंधार," ती गिऱ्हाइकांना हसत सांगायची. पहाटे चारला उठून ती लोकांचे डबे करायची. रात्री पदर कानावरून घट्ट गुंडाळून झोपायची. मला वाटायचं, बाईमाणसाची सवय असेल. विचारलं कधीच नाही. मग चारकोपला राहायला आलो आणि तो फ्रिज भंगारात गेला.

शेवटी कॉम्प्रेसरवालाच चौथा फ्रिज घेतला. त्याचा चमचा जरासाच वाजला होता. घरी आणून रात्रभर उभा ठेवला, तेल खाली बसू दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर पिशवी उघडली. द्रौपदी खाटेवरून बघत होती. मागचा पत्रा काढला, जुन्या स्लीपरच्या रबराचे चार तुकडे कापून कॉम्प्रेसरच्या पायांखाली बसवले. एक नळी पत्र्याला घासत होती, ती बोटाने हलकेच बाजूला केली. वाटी ठेवली, चमचा टाकला. थोडा वेळ चालवून फ्रिज बंद केला.

चमचा हललासुद्धा नाही. परत चालू करून मी तिच्याकडे बघितलं, शाबासकीसाठी.

"झालं?"

"झालं."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "वीस मिनिटं लागली."

"मग? काम काय असतं त्यात, रबर नीट बसलं की..."

"आपल्या जुन्याला पण हेच लागलं असतं?"

मेकॅनिकला खोटं बोलायला वेळ लागत नाही. गॅस संपला होता, पार्ट मिळत नव्हता, शंभर कारणं जिभेवर असतात. पण तिच्यापुढे एकही आलं नाही.

"हो."

"एवढंच?"

"एवढंच."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मला शिव्या हव्या होत्या. तिने इन्सुलिनच्या कुप्या स्वतःच्या हाताने फ्रिजमध्ये ठेवल्या, दार लावलं आणि म्हणाली, "पडते जरा."

भिंतीकडे तोंड करून ती आडवी झाली. फ्रिज चालू होता, पण ते कळायला मला त्यावर तळहात ठेवावा लागला. तिने पदर ओढला, कानावरून गुंडाळला आणि टोक गालाखाली दाबलं.

"द्रौपदे, अगं, आवाज नाहीये आता."

पदर कानावर तसाच राहिला. मी फ्रिजवरची वाटी उचलली आणि चमचा वाजू नये म्हणून त्याच्यावर अंगठा दाबून तिच्या खाटेशी बसून राहिलो.