हात लावून काढायचा फोटो

मी आमच्या गावच्या तलावातला पाणी मोजायचा खांब बोलतोय. आज माझा जीव थाऱ्यावर नाही.

मूळचा मी गावातल्या देवाजीच्या बंडीचा, म्हणजे बैलगाडीचा दांडा. बंडी मोडली तेव्हा शाळेनं मला मागून आणलं. मुलांनी माझ्यावर लाल-पांढरे पट्टे काढले, आकडे लिहिले, अन् उन्हाळ्यात आटलेल्या तलावात मला रोवलं. पाणी कुठवर आलं ते मुलं पाळीवरून, तलावाच्या बांधावरून वाचायची. धानाला पाणी कधी सोडायचं यावरून भांडायची. मला लई बरं वाटायचं.

मग लाखनीहून मंजुषा मॅडम आल्या. शाळेत पर्यावरण कसं शिकवतात याचं संशोधन करायच्या. मुलं पाणी जपायला शिकताहेत, असं त्यांनी अहवालात लिहिलं. तो वर गेला, वरून आदेश आला: तलाव असलेल्या प्रत्येक शाळेनं दर बुधवारी पाणी मोजून तक्ता भरावा.

सेवकराम गुरुजींना आधीच कागद कमी नव्हते. ते खुर्चीत बसूनच माझा आकडा भरू लागले. "पानी काय पळून जाते?" म्हणायचे.

दोन वर्षांनी मॅडमनी तक्ते तपासले. भर मे महिन्यातही आकडा तोच! त्यांनी खरं ते लिहिलं. मग नवा आदेश: विद्यार्थ्यानं खांबाला हात लावलेला फोटो पाठवा.

पण श्रावणात माझ्याभोवती मुलांच्या छातीएवढं पाणी असतं, हे कोणी विचारलंच नाही.

गेल्या बुधवारी चौथीतली गुड्डी उतरली. "अजून जवळ जा, हास थोडी," गुरुजी मोबाईल धरून म्हणाले. तिचा पाय गाळात सरकला. तिनं मला मिठी मारली. मी वाकलो, पण तिला धरून राहिलो. जवळच्या शेतातला रोवणा, धानाची लावणी सोडून तिची आई कलाबाई धावली, तिनं पोरीला ओढून काढलं.

"गुरुजी, पोर मेली असती ना माही!"

"बाई, मी काय करू? वरून आदेश हाय."

"मंग वरच्यालेच उतरवा पान्यात, अन् हासाले सांगा!"

दुसऱ्या दिवशी हे ऐकून मॅडम कलाबाईच्या ओसरीवर येऊन बसल्या. "फोटोचं मीच सुचवलं होतं, ताई."

"मंग आता हेही लिवा."

मॅडमनी लिहिलं. कागद वर गेला. उत्तर कधी येईल, कोणाला माहीत! अन् उद्या बुधवार. गुड्डीच्या जागी गुरुजींनी रुचिकाचं नाव लिहून ठेवलंय. ती तर गुड्डीहून लहान.

गावकऱ्यांनो, कागदाची वाट पाहू नका. आजच मला उपटा. चुलीत घातलं तरी चालेल. मी लाकूड आहे, दुसरं मिळेल.