कानसेनाचा क्लच

"हे दात कुणी पाडले ते आधी सांगा!"

धाकट्या साडूने गिअरचे चाक थोरल्याच्या नाकासमोर धरले. चाकातून काळे तेल ठिबकत होते. दोघे इतके जवळ उभे होते की एकजण नुसता शिंकला असता तरी मारामारी झाली असती.

"तूच," थोरला म्हणाला.

"मी? मी क्लच दाबतो, साडूभाऊ! तिथे पायडल काय शोभेला लावलंय?"

"दाबतोस कुठे? त्यावर पाय ठेवून झोपतोस. प्लेट जळल्याचा वास आधी गल्लीत येतो, मागून तू येतोस."

गॅरेजच्या मिस्त्रीने चिंधीला हात पुसले. "एकाने प्लेटा खाल्ल्या, एकाने दात खाल्ले. गाडी बिचारी उपाशीच."

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. सासऱ्याने डोळे मिटण्याआधी ही पिकअप दोन्ही जावयांत मिळून घेऊन दिली होती. सकाळी थोरल्याने चालवायची, दुपारनंतर धाकट्याने. जो स्टिअरिंगवर बसणार नाही त्याचा कमाईतला वाटा संपला. त्याने मागे माल चढवावा-उतरवावा आणि मजुरी घ्यावी. यामुळे जावई आळशी होणार नाहीत, असा म्हाताऱ्याचा हिशेब. जावई आळशी झाले नाहीत खरे, फक्त एकमेकांचे वैरी झाले.

थोरल्याला सगळे कानसेन म्हणत, कारण तो गिअर कानाने बदलायचा. क्लचला पाय लावायचा नाही. गॅस सोडायचा, दांडा मोकळा करायचा, इंजिनाचा आवाज उतरत उतरत नेमका जागेवर आला की दांडा आत सरकवायचा. लोण्यात सुरी जावी तसा. लोक सांगत, एकदा गिअरच्या मुठीवर एक माशी झोपली होती. ती पाचही गिअर फिरून आली तरी जागी झाली नाही. गोष्ट खोटी असेलही, पण माशीला विचारायला कोण जाणार? आणि लाल दिवा दुरून दिसला की कानसेन इतक्या सावकाश यायचा की दिवाच कंटाळून हिरवा व्हायचा.

"आज नवं चाक बसेल. उद्या पुलापलीकडे काच पोचवायचीय," धाकटा म्हणाला. "तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. एकदा जरी गिअर खरखरला किंवा एक काच तडकली, तर चावी माझी. कायमची."

"आणि नाही खरखरला तर?"

"तर गिअरबॉक्सचं नाव पुन्हा काढणार नाही."

"मिस्त्री, ऐकलंस ना? हा गप्प बसणार म्हणतोय. लिहून घे कुठेतरी, पुन्हा ऐकायला मिळायचं नाही."

संध्याकाळी घरी थोरली वाटीत कोमट तेल घेऊन नवऱ्याच्या डाव्या गुडघ्याशी बसली. वर्षापूर्वी माल उतरवताना लोखंडी दार त्या गुडघ्यावर पडले होते. चालता येत होते, पण क्लच तळापर्यंत दाबण्याइतका जोर पायात राहिला नव्हता. क्लच न दाबणे ही एके काळी त्याची हौस होती. आता दुसरा इलाज नव्हता, आणि हे घरात दोघांनाच ठाऊक होते.

"अहो, सांगून टाका त्याला. माझ्या बहिणीचाच नवरा आहे."

"म्हणून तर नाही सांगत. परका असता तर सांगितलं असतं."

"वाटेत थांबावं लागलं तर?"

"रिकामी गाडी असली की पहिल्या गिअरमध्येच स्टार्टर मारतो, निघते उडी मारून."

"आणि मागे काच असल्यावर?"

त्याने पाय काढून घेतला. "तेल पुरे."

सकाळी काचेच्या वखारीसमोरचा उतार त्याच्या कामी आला. हँडब्रेक सोडताच गाडी घरंगळली आणि दुसरा गिअर अलगद पडला. मागे लाकडी घोड्यावर उभ्या बांधलेल्या काचांनी चकार शब्द काढला नाही. धाकटा शेजारी कान टवकारून बसला होता. तिसरा गेला, चौथा गेला. त्याचा चेहरा पडत चालला.

पुलाच्या चढावर एक हातगाडी कलंडली आणि पुढची बस थांबली. कानसेनालाही थांबावे लागले.

बस निघाली. पिकअप निघेना.

"चला की, साडूभाऊ."

स्टार्टर मारावा तर झटक्याने काचांचा चुरा. थोरल्याने डाव्या हाताने गुडघा दाबला. पाय थरथरला, पायडल निम्मे गेले आणि तिथेच अडले. त्याने पुन्हा दाबला. मागून हॉर्न सुरू झाले.

धाकट्याने खाली पाहिले, मग वर. "हा पाय कधीपासून असाय?"

"समोर बघ."

"कधीपासून, म्हणतो!"

"वर्ष झालं."

"वर्ष! आणि मी मूर्ख, मिजास समजत होतो! एखादं पोर चाकाखाली आलं असतं म्हणजे?"

"ब्रेक उजव्या पायाने लागतो, गाढवा."

"झोपलात का रे पुढे?" मागचा ट्रकवाला ओरडला. धाकट्याने खिडकीतून डोके काढून त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. मग तो सरकला, आपला उजवा पाय आडवा घातला आणि थोरल्याच्या पायावरची चप्पल चिरडत क्लच तळाला नेला.

"टाका पहिला."

"हळू सोड."

"मला शिकवू नका!"

"हळू! मागे काच आहे!"

गाडी हलली. पुढचे सगळे गिअर थोरल्याने एकट्याने, कानाने टाकले.

नव्या इमारतीपाशी मजूर काचा उतरवू लागले.

"खरखरला?" थोरल्याने विचारले.

"नाही."

"तडकली?"

"नाही. जिंकलात!" धाकटा थुंकल्यासारखा म्हणाला. "पण उद्या या सीटवर बसलात तर चौकात उभा राहून पायाचं सांगेन."

थोरल्याने इंजिन बंद केले. चावी तशीच राहू दिली. उजवा पाय जमिनीवर टेकवून डावा पाय पँट धरून बाहेर घेतला आणि गाडीच्या कडेला हात टेकत मागे गेला. शेवटची काच राहिली होती. त्याने खांद्यावर गोणपाट टाकले.

"ओ साडूभाऊ, फोडाल!"

"फुटली तर माझ्या मजुरीतून काप."

मजुराने पुढची कड धरली, त्याने मागची. दोघे फाटकातून आत निघाले. काच इतकी नितळ होती की दुरून पाहणाऱ्याला वाटले असते, एक माणूस हातात काहीच नसताना, पाय ओढत, फार जपून चालला आहे.