दहावं माणूस

उंब्रजला हमरस्त्यापासून जरा आत, नदीच्या अंगाला, शरयूबाईंचा खडूचा कारखाना होता. कारखाना म्हणायचा तो बोलण्यापुरता. पत्र्याची एक लांब शेड, पाण्याची टाकी आणि बाहेर उन्हात खडू वाळत घालायच्या फळ्या, एवढाच त्याचा पसारा. बाई पूर्वी कोयनानगरला शाळेत शास्त्र शिकवायच्या. सदुसष्टच्या भूकंपानंतर त्यांनी बिऱ्हाड खाली आणलं. त्यांचे यजमान गंगाधरराव धरण प्रकल्पाच्या नोकरीत वरच राहिले आणि रविवारी खाली घरी येऊ लागले. रिकामं बसून करायचं काय, म्हणून बाईंनी खडू करायला घेतले. शाळेत त्यांनी एवढे तुटके खडू हाताळले होते की न तुटणारा खडू कसा करावा हा विचार त्यांच्या डोक्यात आधीपासून होताच.

कामाला आसपासच्या वस्त्यांवरच्या नऊ बायका होत्या. काम सोपं, पण लक्ष मागणारं. पांढरी पावडर पाण्यात कालवायची, तेल लावलेल्या साच्यात ओतायची, वरून पट्टीनं निपटून सारखी करायची आणि नेमकी आळली की साचा उघडायचा. घाई केली तर खडू मोडतो, उशीर केला तर साच्याला चिकटून बसतो. कालवायला बाईंनी विजेवरचं एक यंत्र आणलं होतं. बायका त्याला रवी म्हणत.

चौऱ्याहत्तर साली जिल्ह्यातल्या शाळांना खडू पुरवायचं मोठं काम मिळण्याचं चिन्ह दिसू लागलं. त्यासाठी कामगारांची कागदपत्रं व्यवस्थित हवीत असं कळलं, तेव्हा बाईंनी साताऱ्याहून गोपाळकृष्ण लाटकरांना बोलावून घेतलं. लाटकर कामगार कायद्यांचे सल्लागार. गंगाधररावांच्या ओळखीचे, म्हणून बाईंना वहिनी म्हणत. त्यांनी हजेरीपट हातात घेतला आणि एकेकीला नाव विचारत शेडमधून फिरले. शेवटच्या साच्याशी येऊन थांबले.

"तुझं नाव काय?"

"अंबूबाई."

"या नावाची बाई पटावर नाही."

"हाय की. लीलाबाई."

"मग तू लीलाबाई का?"

"न्हाई वं. ती माजी जाऊ. हा आटवडा माजा हाय."

लाटकरांनी मान वळवून शरयूबाईंकडे पाहिलं. बाईंनी शांतपणे सांगितलं, "एका जागेवर दोघी आहेत. एक आठवडा ही येते, एक आठवडा ती. जिचा आठवडा नसेल ती घरी शेतात असते. पहिल्यापासून तसंच चाललंय."

"आणि पगार?"

"बाजाराच्या दिवशी सासू येऊन घेऊन जाते."

लाटकरांनी चष्मा काढून पुसला. मग बाईंना बाजूला नेऊन ते सावकाश बोलले. पटावर नाव एकीचं आणि साच्यावर हात दुसरीचा, हे चालायचं नाही. उद्या त्या अंबूबाईचं बोट रवीत गेलं तर ती तुमची कोण, हे कुणाला सांगता येणार नाही. पगार तर ज्याचा त्याच्या हातातच द्यायला हवा.

"मग दोघींची नावं लावते," बाई म्हणाल्या.

"तिथंच तर गोम आहे. विजेवरचं यंत्र आणि दहा माणसं, की कायद्यानं तो कारखाना. मग परवाना, शेडचा मंजूर नकाशा, धुळीचा बंदोबस्त, भरपगारी रजा, आणि वर इन्स्पेक्टर. तुमच्याकडे नऊ आहेत तोवर तुम्ही सुखात आहात. पटावर दहा नावं दिसली की कोण कधी आली याचा हिशेब कुणी करत बसत नाही. एक ठेवा वहिनी. लीलाबाईचं नाव आहेच. दुसरीला निरोप द्या."

लाटकर म्हणत होते ते बरोबरच होतं. शेडला आणखी खर्च सोसण्याजोगी परिस्थिती नव्हती. पण लीलाबाईचं नाव पटावर आलं ते केवळ पहिल्या दिवशी ती आली होती म्हणून. दुसऱ्या आठवड्यात अंबू आली, ती लीलाबाईच्या नावावरच बसली. दोघींत कोण चांगली, हे बाईंनी कधी पाहिलंच नव्हतं. पाहायची वेळच आली नव्हती.

त्या आठवड्याच्या बाजाराला सासू आली. हरणाबाई तिचं नाव. अंगानं वाळकी, पण आवाज अजून शेताच्या या बांधावरून त्या बांधाला जाईल असा. बाईंनी तिला खुर्ची दिली तरी ती उंबऱ्यावरच बसली. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि तोडगा काढला.

"जागा आमच्या घरची हाय. नाव माजं लावा. हरणाबाई. मग कामाला ही येईल न्हाई तर ती."

"तसं नाही करता येत. कायदा माणूस ओळखतो, घर ओळखत नाही."

"मग कायद्याला घर न्हाई जनू," हरणाबाई म्हणाली. "माजा अर्जुना मिलिट्रीत हाय. तितं बी नाव त्याचंच हाय, पन मनिआर्डर कुनाच्या नावानं येती? माज्या. सरकारला ते चालतंय, तुमचंच का चालंना?"

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. "बरं, मग तुम्हीच सांगा. लीलाबाईला ठेवू की अंबूबाईला?"

हरणाबाई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. थोरला केरबा घरची शेती करायचा, लीलाबाई त्याची बायको. अंबू धाकट्या अर्जुनाची.

"ते तुमीच ठरवा," ती शेवटी म्हणाली. "मी ठरवलं तर घरात दोन चुली व्हतील. तुमी ठरवलं तर दोघी मिळून तुमाला शिव्या देतील, आन चूल एकच ऱ्हाईल."

ती गेली. बाईंच्या लक्षात आलं, म्हातारीनं स्वतःच्या गळ्यातलं काढून अलगद आपल्या गळ्यात घातलंय.

दुसऱ्या दिवशी अंबू पाण्याच्या टाकीपाशी बाईंची वाट बघत उभी होती. घरी सगळं कळलं होतं.

"बाई, मला काडनार का?"

"अजून ठरलेलं नाही."

"पैशाचं न्हाई म्हनत मी. पैसा काय, आत्याबाईंच्या ट्रंकंत जातोय, माजा बी आन तिचा बी. पन एक आटवडा रस्त्यानं चालत हितं यायचं, चार बायकांत बसायचं. मग म्होरला आटवडा शेतात, घरात, कोन काय बोललं तर सोसतंय. लीलाबाईचं बी तसंच हाय. आता जी ऱ्हाईल ती ऱ्हाईल. जी जाईल तिनं वस्तीवरनं भाईर पडायचं ते बाजाराला, ते बी आत्याबाईंनी म्हटलं तर."

बोलून ती कामाला गेली. तिनं आपल्यालाच ठेवा असं म्हटलं नाही, हे बाईंच्या ध्यानात राहिलं.

ठरवायचं कसं हा प्रश्न उरलाच. वयानं, की आधी कोण आली त्यानं? त्यात न्याय नाही असं बाईंना वाटलं. दोघींना दाखवता येईल आणि दोघींना पटेल असं काहीतरी हवं होतं. मग त्यांनी आपल्या शाळेतल्या वळणानं विचार केला. तुलना करायची तर बाकी सगळं सारखं हवं. एकच पावडर, एकच पाणी, एकसारखे साचे, एकच ऊन. दोघींनी वेगवेगळ्या आठवड्यांत केलेलं काम शेजारी ठेवून काही कळत नाही, कारण हवा बदलते, पावडरही बदलते. दोघींना एकाच दिवशी शेजारी शेजारी बसवायचं आणि संध्याकाळी कुणाचे खडू किती मोडले ते बघायचं. लीलाबाईला निरोप गेला.

कसोटीच्या दिवशी दोघी आल्या. लीलाबाई उंच, हळू बोलणारी. अंबू बुटकी, तिचे हात तोंडाइतकेच चालायचे. बाईंनी दोघींना लगतच्या साच्यांवर बसवलं आणि कसोटी कशासाठी ते सगळ्यांसमोर सांगितलं. बाकीच्या आपापल्या साच्यांकडे वळल्या. रवीची घरघर सुरू झाली.

पहिले काही साचे दोघींनी एकमेकींकडे न बघता काढले. मग अंबूनं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं.

"तेल किती लावतीस गं? भजी तळायचीत का?"

"तुज्यासारकं कोरडं ठेवून खडू चिकटत न्हाईत."

"माजं कवा चिकटलं?"

"मागल्या आटवड्यात कोपऱ्यातल्या साच्याचं खरवडून कोनी काडलं? मी. तू तसाच टाकून गेल्तीस."

"आन तू बादली धुवून ठेवत न्हाईस, ती मी धुते. तवा?"

पलीकडून कुणीतरी खुसखुसलं. इतकी वर्षं एका जागेवर काम करूनही दोघींनी एकमेकींचं काम कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येकीला दुसरीचा आठवडा फक्त तिनं मागं सोडलेल्या खुणांवरून ठाऊक होता. आता बोलता बोलता लीलाबाईनं तेलाचा हात आखडता घेतला. अंबूनं तिच्याकडून पट्टी धरायची पद्धत उचलली. बाई टाकीकडे जाऊन परत आल्या तेव्हा एक ओतत होती, दुसरी निपटत होती, आणि दोन्ही साचे दोघींच्या मध्ये आले होते.

"यातला तुझा कुठला?" बाईंनी अंबूला विचारलं.

अंबूनं साच्यांकडे पाहिलं, मग जावेकडे. "आता काय सांगू? दोन्ही."

"मी सांगितलं काय होतं?"

"व्हय बाई," लीलाबाई खाली मान घालून म्हणाली. "पन असं लय बिगीनं व्हतंय."

शाळेत अशा वेळी बाई पोरांना प्रयोग पुन्हा करायला लावायच्या. आता त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. एवढ्यात दारात लाटकर आले. पटाचे नवे कागद घेऊन ते साताऱ्याहून आले होते. त्यांची नजर शेडच्या या टोकापासून त्या टोकाला गेली, आणि तशीच परत आली.

"वहिनी, हे काय चाललंय?"

बाईंनी कसोटीचं सांगितलं.

"दोघी एकदम कामावर?"

"तुलना एकाच दिवशी व्हायला हवी ना."

"आणि बाकीच्या आठ?"

"त्या त्यांच्या कामावर आहेत."

"रवी चालू आहे."

"हो."

लाटकर तिथल्याच एका रिकाम्या पिंपावर बसले. "दहाच्या आत राहण्यासाठी एकीला काढायचं होतं. आणि कुणाला काढायचं ते ठरवण्यासाठी तुम्ही दहा जणी कामाला लावल्यात. कायद्यात काय म्हटलंय माहीत आहे? मागच्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी. एक दिवस पुरतो. तो आज झाला."

शरयूबाईंनी मनातल्या मनात पुन्हा मोजलं. आठ आणि दोन. साध्या बेरजेत त्या चुकल्या होत्या, कारण सगळं लक्ष साच्यांवर होतं.

लाटकरांनी आवाज खाली आणला. "मी काही पाहिलेलं नाही. एकीला आत्ता घरी पाठवा, म्हणजे आजचा दिवस झालाच नाही."

बाई रवीजवळ गेल्या. भोवती पांढरी धूळ उडत होती. पदर नाकाला लावलेल्या दोघीतिघी त्या धुळीत बसल्या होत्या. धूळ छातीत जाते हे बाईंना ठाऊक होतं. तिच्यासाठी पंखा बसवायचा हे त्यांनी दोन वर्षांपूर्वीच ठरवलं होतं आणि मग मोठं काम मिळाल्यावर बघू म्हणून ठेवून दिलं होतं. न आवडलेला आकडा वहीतून खोडायचा नाही, असं त्या मुलांना सांगत आल्या होत्या. स्वतःच घेतलेल्या कसोटीचा दिवस झालाच नाही असं म्हणणं त्यांच्याच्यानं होईना. आणि दिवस झाला म्हटलं, की एकीला घालवण्याचं कारणच उरत नव्हतं.

"लाटकर," त्या परत येऊन म्हणाल्या, "परवान्याचे कागद कुठले लागतात?"

"नीट विचार करा वहिनी. एकदा आत शिरलात की माघार नाही."

"केला. पटावर दहा नावं घाला. नकाशा मी काढून देते. धुळीचं तर मला आधीच करायला हवं होतं."

लाटकर हताशपणे हसले. "माझ्या सल्ल्याचं तुम्ही बरोबर उलटं करता, आणि त्यासाठी मला पुन्हा बोलावता."

रविवारी गंगाधररावांनी सगळं ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला. "तुझ्या खडूंना लागतात एवढे कागद आमच्या धरणाला लागले नसतील." एवढं बोलून त्यांनी फूटपट्टी आणली आणि नकाशाची मापं धरायला ते बाईंबरोबर शेडमध्ये गेले.

हरणाबाईला सांगणं राहिलं होतं. बाजाराच्या दिवशी ती नेहमीसारखी उंबऱ्यावर येऊन बसली. दोघींची नावं लागणार हे ऐकून ती खुलली. पगार ज्याचा त्याच्या हातात जाणार हे ऐकल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला.

"म्हंजे मी सुनांपुडं हात पसरायचा?"

"त्या देतीलच तुम्हाला."

"देतील वं. पन देतील, आन मी घेईन. आजवर मी घेत व्हते आन त्यांना देत व्हते." तिनं बाईंकडे रोखून पाहिलं. "हे तुमच्या सायबानं काडलंय का सरकारनं?"

"सरकारनं."

"मग काय बोलायचं." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. सुनांना पाठवणार की नाही, हे मात्र तिनं सांगितलं नाही. बाईंनी विचारलं तेव्हाही तिनं फक्त, "बगू," म्हटलं आणि ती बाजाराकडे चालू लागली.

नव्या पटावर अंगठे घ्यायचे होते त्या सकाळी बाई शेडच्या दारात उभ्या होत्या. एक येते का दोघी, का कुणीच नाही, हे त्यांना सांगता आलं नसतं. लाटकर शाईची गादी उघडून बसले होते. बाकीच्या एकेक करून आल्या, अंगठा देऊन बोट पदराला पुसत आत गेल्या. मग नदीकडच्या वाटेनं दोघी येताना दिसल्या. उंच पुढं, बुटकी मागं, आणि बोलणं थांबत नव्हतं.

"भांगलण कोण करतंय मग?" दोघी जवळ आल्यावर बाईंनी विचारलं.

"आत्याबाई," लीलाबाई म्हणाली. "भल्या पाटं खुरपं घिऊन गेल्या. म्हनाल्या, आजच्या दिस जावा दोघी. रोजचं म्हनाल तर न्हाई जमायचं."

"रागावल्यात का?"

"लय," अंबू म्हणाली. "पन भाकरी त्यांनीच बांदून दिली."

दोघींनी अंगठे दिले. अंबूनं आपल्या अंगठ्याकडे आणि कागदावरच्या खुणेकडे दोनदोनदा पाहिलं. मग ती जावेकडे वळली.

"पैला आटवडा माजा."

"का म्हनून? नाव आदी माजं हाय."

"म्हनून तर. तुजं आदीपासनं हाय. माजं आज लागलं."

लाटकरांनी मान वर करून बाईंकडे पाहिलं. बाईंनी रवीचं बटण दाबलं.

"पावडर कालवून होईपर्यंत ठरवा," त्या म्हणाल्या. "ती काही तुमच्यासाठी थांबायची नाही."