ताईच्या मानेवरची चिमूटभर कातडी

वैशाखाच्या उन्हात ताई गच्चीवर उभी राहिली, की तिच्या मस्तकाची डावी बाजू तापल्या तांब्यासारखी लकाके. तिथे केस नव्हते. होती ती ताणलेली, गुलाबी, मुकी कातडी. अकोल्याला, जठारपेठेतल्या घरात, नवऱ्याने तिला वेणी धरून अंगणभर फरफटवले होते आणि कढईतले उकळते तेल तिच्या डोक्यावर उपडे केले होते. जामिनावर सुटून तो उजळ माथ्याने हिंडत होता. ताई अमरावतीला माझ्याकडे, धाकट्या बहिणीकडे, आली होती.

मी इथल्या प्रयोगशाळेत केसांच्या मुळांतल्या पेशी वाढवते. ताईच्या संमतीने डॉक्टरांनी तिच्या मानेवरून, केस शाबूत होते तिथून, डाळीएवढी कातडी घेतली. पेशींना पोसणाऱ्या गुलाबी द्रवात त्या वाढू लागल्या. या पेशी एकेकट्या, पसरट पडल्या की केस घडवण्याची आपली विद्या विसरतात. द्रवाच्या एका थेंबात गोळा झाल्या की ती त्यांना थोडीथोडी आठवते. सूक्ष्मदर्शकातून ते इवलाले पुंजके ताईने कितीतरी वेळ पाहिले.

"पमे, मले वाटलं होतं, माह्यं सारंच जळून गेलं."

चार दिवसांनी ती पुन्हा पाहायला आली असताना, भर दुपारी, तिचा नवरा प्रयोगशाळेत घुसला.

"काहून लपून राहिली इथं? चाल घरी!"

त्याने तिच्या उरलेल्या केसांना हिसडा दिला. टेबल कलंडले, पेशींच्या बशा फरशीवर फुटल्या. ताईने लोखंडी स्टूल उचलले आणि त्याच्या मनगटावर घातले. हाड मोडल्याचा तो कोरडा आवाज मी ऐकला. तो किंचाळत खाली बसला. तिने स्टूल पुन्हा उगारले, तेव्हा मी तिला कवेत आवळून धरले. पोलिसांनी त्याला नेले; पुढे त्याचा जामीनही रद्द झाला.

सांडलेल्या पेशी वाचल्या नाहीत. मी रडत फरशी पुसली.

दुसऱ्या दिवशी ताई सगळे केस उतरवून आली. "आता कोनाले धराले काही नाई," म्हणाली, आणि माझ्यापुढे मान वाकवली. "घ्या म्हना डॉक्टरले पुन्हा. मुळं तं आतच हायेत ना?"

पेशी पुन्हा वाढताहेत. त्यांतून माणसाच्या माथ्यावर केस कधी उगवतील, मला ठाऊक नाही. तिनेही विचारलेले नाही. काळ हिरावलेले परत देतो की नाही, कोण जाणे. जे गेले त्याची आठवण मात्र धारदार राहते, आणि त्या धारेवरून चालता चालता माणूस एक दिवस निर्भय होतो.