आनंदरावांच्या गाडीची बोली

लिलाव सुरू व्हायला अजून तास होता आणि मुकुंद भोयरचा पाय काही एका जागी ठरत नव्हता. वर्धा रोडवरच्या ज्या लॉनवर एरवी लग्नं लागतात, तिथे आज नऊ जुन्या गाड्या धुऊनपुसून ओळीने उभ्या केल्या होत्या. मुकुंद चहाच्या टेबलापाशी जाई, कप उचली, न पिताच ठेवून परत येई. बाकीच्या गाड्यांचे बॉनेट उघडून झाले, दारं उघडून-लावून झाली. सातव्या गाडीजवळून मात्र तो मान फिरवून जात होता.

सातवी गाडी म्हणजे १९४७ सालची गर्द हिरवी शेवरोले, आनंदरावांची. आनंदराव हे मुकुंदचे उस्ताद. एका मालगुजाराच्या गोठ्यात कोंबड्या बसत होत्या तिच्यात, तेव्हा त्यांनी ती भंगाराच्या भावात उचलली आणि पुढची बावीस वर्षं दर रविवार तिच्यावर घातला. त्यातली बारा वर्षं मुकुंद त्यांच्या हाताखाली होता. चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, तर दोघांनी उताणं पडून तीन उन्हाळे काचपेपरने घासला होता. मागच्या वर्षी आनंदराव गेले. मुलगी कामिनी बंगळुरात, घरी एकट्या इंदुताई. त्यांना गाडी चालवता येत नाही, गाडीचं करणारं कोणी नाही. म्हणून त्यांनी ती लिलावात दिली, आणि तीही मुकुंदला विचारून दिली.

आणि हा पठ्ठ्या मंडळीत होता!

मंडळी चंद्रभानची. चार जण, चौघंही जुन्या गाड्यांतले. लिलावात चौघांपैकी एकानेच हात वर करायचा, बाकीच्यांनी मूग गिळून बसायचं. गाडी स्वस्तात पडली की दुपारी चंद्रभानच्या कामठी रोडवरच्या गोदामात दुसरी बैठक. तिथे खरी बोली चौघांतच लागे, आणि वरचा जो पैसा निघे तो चौघांत वाटला जाई. मूळ मालकाला त्याचा वासही लागत नसे. मुकुंद दोन वर्षांपासून त्यात होता, कारण त्याच्या गॅरेजचं निम्म्याहून अधिक काम चंद्रभानकडून येई. आजवर गाड्या अनोळखी लोकांच्या होत्या, त्यामुळे त्याला झोपही नीट लागत होती.

"काहून गा, उभ्या उभ्या नाचून राहिला?" चंद्रभानने मागून येऊन खांद्यावर हात ठेवला. "शेवरोले मी घेतो. तू फक्त बसून राहा."

"चंद्रभानभाऊ, ही सोडून देऊ ना. उस्तादची हाये."

"उस्ताद गेले. बाईले कळते का त्यातलं काही? बारा लाख भेटले तरी ते खूश होईन." त्याने आवाज खाली आणला. "तो धंतोलीचा हाडांचा डॉक्टर मात्र मघापासून तिच्याभोवती फिरून राहिला. तो तुलेच विचारीन. काय सांगायचं ते तुले समजते."

डॉक्टरांनी विचारलंच. भला माणूस, पांढरा शर्ट, हातात वही. "तुम्ही या गाडीवर काम केलंय म्हणे. खरं सांगा, खालून कशी आहे?"

चंद्रभान पाच पावलांवर उभा राहून मोबाइल पाहत होता.  खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यानंतर गॅरेज कसं चालवायचं, हा हिशेब त्याच्या डोक्यात आधीच होऊन गेला होता.

"वरून छान हाये साहेब," तो म्हणाला. "चेसिसले गंज हाये. आतून खाल्लेली हाये. वरून रंग मारला."

डॉक्टरांनी वही मिटली. आभार मानले. मग ते मुकुंदला वाटलं तसे फाटकाकडे न जाता सरळ पहिल्या रांगेत गेले. तिथे इंदुताई निळ्या साडीत, मांडीवर पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. डॉक्टर वाकून त्यांच्याशी दोन मिनिटं काहीतरी बोलले आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. इंदुताईंनी वळून गर्दीत कोणाला तरी शोधलं. मुकुंद झटकन मांडवाच्या खांबाआड झाला. चाळीस वर्षांचा बाप्या माणूस, लपंडाव खेळत होता.

बोली सुरू झाली. पहिल्या सहा गाड्या कशा गेल्या हे त्याला नंतर कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सातवी पुकारली तेव्हा तो शेवटून दुसऱ्या रांगेत बसला होता. आठ लाख. चंद्रभानचा हात. साडेआठ, कोणी रायपूरकडचा. नऊ. साडेनऊ. दहा. साडेदहा. अकरा. रायपूरवाल्याने मान हलवून नाही म्हटलं. डॉक्टर वहीवर रेघोट्या ओढत होते. गाडी अठरा-वीस लाखांची होती, हे त्या मांडवात मंडळीतल्या चौघांना ठाऊक होतं, आणि पाचवा कोणीतरी मुकुंदच्या आत बसून ओरडत होता.

"अकरा लाख," लिलाव पुकारणारा म्हणाला. लिलाव कंपनीचा नियम असा होता की हातोडा पडण्याआधी मालकाला विचारायचं. "ताई, अकरा. देऊ का, की मागे घेता?"

इंदुताई उभ्या राहिल्या. त्यांनी पुकारणाऱ्याकडे पाहिलंच नाही. सगळ्या मांडवावरून फिरत त्यांची नजर मुकुंदपाशी येऊन थांबली आणि भुवया उंचावून त्यांनी काहीतरी विचारलं. काय, ते त्याला कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. त्याने मान खाली घातली.

"द्या," इंदुताई म्हणाल्या.

दुपारी गोदामात दुसरी बैठक झाली. गाडी एकोणीसला चंद्रभानकडेच राहिली. वरचे आठ, चौघांत दोन-दोन. मुकुंदच्या हातात पाकीट आलं तेव्हा चंद्रभान हसून म्हणाला, "पाह्यलं, काही झालं का?" मुकुंदने घरी येऊन जेवायचं ताट परत केलं. बायकोने, मिनलने, विचारलं तर तिच्यावरच खेकसला. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. पहाटेपर्यंत त्याने एक युक्ती शोधून काढली आणि ती त्याला फार शहाणपणाची वाटली: पाकीट इंदुताईंना द्यायचं, कंपनीने वरून दिले म्हणायचं. पैसा योग्य जागी जाईल आणि तोंड उघडायला नको.

सकाळी नंदनवनातल्या घरी तो पोचला. इंदुताईंनी पाणी दिलं. पाकिटाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"ठेव तिथं. कंपनीचा माणूस उद्या विक्रीच्या सह्या घ्यायले येणार हाये, तेव्हा पाहू." त्या समोर बसल्या. डोळे सुजलेले होते. "मुकुंदा, एक विचारू? हे मले काहून नाही सांगतलं तू?"

"काय, काकू?"

"गंजाचं. तो डॉक्टर येऊन म्हणे, ताई, तुमची फसवणूक नको व्हायले, गाडीले खालून गंज हाये, तुमचा मेकॅनिकच सांगते. माह्या मनात आलं, मुकुंदाले विचारते. तू खाली पाह्यलं. मले समजलं." त्यांनी भिंतीवरच्या आनंदरावांच्या फोटोकडे पाहिलं. "बावीस वर्षं गा. कामिनीच्या शाळेच्या ग्यादरिंगले गेले नाहीत, माह्या भावाच्या लग्नाले रातच्याले पोचले, रविवार हाये म्हून. मी म्हनो, माणूस जीव ओतून राहिला तर ओतू द्या. अन् खाली गंज ठेवला अन् वरून रंग मारला? रातभर मी त्याइच्या फोटोले बोलली. कामिनीले फोन करून सांगतलं, तुह्या बाबानं आपल्याले बनवलं. पोरगी रडली."

मुकुंदला वाटलं, जमीन दुभंगावी. पैशाचं तो काहीतरी करून जुळवून आणणार होता. आनंदराव त्याच्या हिशेबात कुठे आलेच नव्हते. ज्या माणसाने गंजाचा एक ठिपका राहिला म्हणून त्याच्याकडून अख्खी पट्टी पुन्हा घासून घेतली होती, त्या माणसाला त्याने मेल्यावर त्याच्याच घरात खोटं पाडलं होतं.

"काकू, गंज नव्हता."

"काय?"

"कुठंच नव्हता. मी खोटं बोललो." मग थांबताच येईना. मंडळी, चंद्रभान, गोदामातली बैठक, एकोणीस, पाकिटातले दोन, सगळं त्याने सांगून टाकलं. सांगताना त्याने एकदाही वर पाहिलं नाही.

इंदुताई उठल्या. आत गेल्या आणि कामिनीची जुनी वही आणि पेन घेऊन आल्या.

"लिहून दे. कंपनीच्या नावानं. सही मी करत नाही उद्या."

हे लिहिलं की चंद्रभानचं काम गेलं, आणि या धंद्यात पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही, हे मुकुंदला पक्कं माहीत होतं.  तरी त्याने लिहायला घेतलं: आम्ही चार जणांनी मिळून भाव पाडला.

इंदुताईंनी वाकून वाचलं आणि ते पान टराटरा फाडलं.

"हे मंग लिही. पह्यले लिही, आनंदरावच्या गाडीले गंज नव्हता."

त्याने लिहिलं. खाली बाकी सगळं लिहिलं, चौघांची नावं लिहिली, सही केली. इंदुताईंनी चष्मा लावून पहिली ओळ दोनदा वाचली. मग फोन लावला.

"कामिनी? ऐक वं. तुह्या बाबाच्या गाडीले गंज नव्हता. नव्हता म्हनते ना! मुकुंदा खोटं बोलला." त्या रडत होत्या आणि हसतही होत्या, आणि त्याच्याकडे त्यांची पाठ होती. "हो, आपलाच मुकुंदा. इथंच बसून हाये."

तिकडून कामिनी काय म्हणाली ते त्याला ऐकू आलं नाही. इंदुताईंनी फोन ठेवला, डोळे पदराने पुसले आणि टेबलावरचं पाकीट उचलून त्याच्या हातात दिलं.

"हे घेऊन जा," त्या म्हणाल्या. "कागद राहू दे."