तरंड्याची पायरी

माझे तरंडे सुंदर होते, हे माझ्याशी स्पर्धेत उतरलेल्या तुर्लाइव्हनेही मान्य केले होते. विमानाच्या पोटाखाली बसणारे, होडीसारखे दोन लांब तरंडे. त्यांचे तळ मी तीन आठवडे घासून असे गुळगुळीत केले होते की त्यांवरून हात फिरवताना लाकूड संपून पाणी कुठे सुरू झाले ते कळू नये. आमच्या घरात चार पिढ्यांनी होड्याच बांधल्या. तळ जितका नितळ, तितकी होडी चपळ, यापलीकडे आम्हांला काही शिकवलेच नव्हते.

सोमवारी नौदलाचे विमान माझ्या तरंड्यांवर फ्योर्डभर, डोंगरांत शिरलेल्या आमच्या त्या खाडीभर, तीनदा धावले आणि तीनदा पाण्यावरच राहिले. पाणी आरशासारखे निश्चल होते आणि त्याने तो नितळ तळ सोडलाच नाही.

"पाण्याला विमान आवडलं रे आस्लाक," म्हातारा सुतार गुलब्रान म्हणाला. "लग्न लावून टाक!"

सगळे हसले. तुर्लाइव्ह हसला नाही. ते मला अधिक लागले.

त्याच्या तरंड्यांच्या तळाला मध्यावर एक आडवी पायरी होती, तळ आणि पाणी यांच्यामध्ये हवा शिरावी म्हणून कापलेली. कुऱ्हाडीची जखम वाटावी इतकी कुरूप. दोन वर्षांपूर्वी याच माणसाला मी रंधा धरायला शिकवले होते. आणि आता नौदल ज्याचे तरंडे निवडणार, तोच पुढची सगळी विमाने बांधणार होता.

गुरुवारी त्याची चाचणी होती. पाणी पुन्हा निश्चल. अशा वेळी आमच्याकडे विमानापुढून मोटरबोट पळवतात. तिच्या लाटांनी पाणी फुटते आणि विमान सुटते. सोमवारी माझ्यासाठी बोट तुर्लाइव्हने सरळ नेली होती, तरी माझे तरंडे सुटले नव्हते. आज सुकाणू माझ्या हाती होते.

"सरळ ने हं," तो धक्क्यावरून म्हणाला. "तुझ्या हाताचा भरवसा आहे म्हणून मी श्वास तरी घेतोय."

मी मान डोलावली. इंजिन सुरू झाले. विमान मागून गर्जत निघाले, आणि दोनशे हातांवर माझ्या हातांनी सुकाणू डावीकडे वळवले. हातांनी, असे मी लिहितो; पण ते मीच वळवले. माझ्या लाटा दूर किनाऱ्याकडे गेल्या. विमानापुढे पाणी काचेसारखे पसरले होते, आणि त्या काचेवर ते चिकटून राहावे अशी प्रार्थना मी केली.

विमान सुटले. तरंड्यांच्या पायरीमागे पांढरी रेघ उमटली, बारीक झाली, तुटली. आणि खाली पाणी होते तसेच राहिले.

धक्क्यावर नौदलाचे कप्तान फॉल्सेन वही उघडून बसले होते. "बोटीच्या मदतीशिवाय! आता दुसरी चाचणी हवी कशाला? तुर्लाइव्ह, तुझेच तरंडे."

तुर्लाइव्हने धावत येऊन मला मिठी मारली. "आस्लाक, मुद्दाम बाजूला झालास ना? माझ्या पायरीची खरी परीक्षा व्हावी म्हणून? मला हे मागायची हिंमत नव्हती रे झाली. कप्तान, लिहा तसं!"

त्याचे डोळे भरले होते. गप्प राहिलो असतो तर मी आयुष्यभर चांगला माणूस ठरलो असतो. पण त्याच्याकडे आता यश होते आणि वर असे निर्मळ मन. त्याने उदारपणे दिलेला चांगुलपणाही स्वीकारणे मला सहन झाले नाही.

"तसं लिहू नका," मी म्हणालो. "विमान उडू नये म्हणून बोट वळवली मी. त्याचं चांगलं झालेलं मला बघवत नव्हतं."

गुलब्रानने तोंडातला पाइप काढला. कोणी हसले नाही.

कप्तानांनी लेखणी बराच वेळ अधांतरी धरली. "हेवा मला इथे लिहिता येत नाही," ते अखेर म्हणाले, आणि लिहिले: बोटचालकाची चूक. मी सही केली.

तुर्लाइव्हचे हात माझ्या खांद्यांवरून केव्हा निघाले, मला कळले नाही. विमान परत येऊन पाण्यावर टेकले आणि किनाऱ्याशी आले. तो त्याच्याकडे चालत गेला, गुडघाभर पाण्यात उतरला आणि तरंड्याला खांदा लावून विमान किनाऱ्याला घेऊ लागला. एकट्याने ढकलण्याजोगे ते नव्हते. मी बूट काढले, पाण्यात उतरलो आणि दुसऱ्या तरंड्याला खांदा लावला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. मात्र नको असेही म्हणाला नाही.