चांदीचे उसने पेले

ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. दामोदररावांनी नुसतं भांडं लपवलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी शेजारणीचं चांदीचं भांडं आणून पुढं धरलं, आणि ते लख्ख करून परत द्यायची पाळी वनजावर आली. विभूती लावून पेले पुसता पुसता तिच्या मनात येत होतं, की यातला एक नेऊन भावजींच्या डोक्यात घालावा.

दामोदरराव म्हणजे वनजाचे थोरले दीर. त्यांनी लग्न केलं नाही. धाकट्या भावाच्या संसारात राहिले, आणि भाऊ गेल्यावर त्या संसाराचे यजमान झाले. पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते. घोडा गेला, तलवार गेली, पगारही गेला. ताठा मात्र पुरेपूर भावजींच्या वाट्याला आला होता. घर चालायचं ते वनजाच्या शिलाई मशीनवर. म्हैसुरातल्याच अग्रहार भागातल्या एका गल्लीत ती ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावून द्यायची. गिऱ्हाईक सगळं आसपासचं, चालत येणारं. म्हणून वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालक कृष्णमूर्तींनी खोल्या रिकाम्या करून मागायला कोर्टात दावा लावला, तेव्हा तिला आधी गिऱ्हाइकांची काळजी पडली. शहराच्या टोकाला, विजयनगरच्या पलीकडे कुठं खोली मिळेलही, पण तिथं हिच्याकडे ब्लाउज टाकायला कोण येणार होतं?

वकील करायची ऐपत नव्हती. गरिबाला सरकार फुकट वकील देतं, असं गल्लीतले नागोजीराव म्हणाले. त्यांना मिळाला होता. उत्पन्नाचा दाखला तेवढा लागतो, म्हणाले. आता भाडेकरार वनजाच्या नावावर, दावाही वनजावर. पण आपल्या घरातली बाई कोर्टाची पायरी चढणार नाही, असं सांगून भावजींनी सगळं आपल्या अंगावर घेतलं. दाखल्यासाठी अर्ज केला, आणि काही दिवसांनी निरोप आला की महसूल खात्याचा माणूस घर बघायला येतोय.

घर बघायला म्हणजे काय बघायला? गरिबी बघायला. ती तर घरात हवी तेवढी होती. दोघं सुम्ने, नुसती गप्प बसून राहिली असती, बोटसुद्धा हलवलं नसतं, तरी काम झालं असतं.

पण सरकारचा माणूस उंबरा चढणार म्हटल्यावर भावजी कसले गप्प बसतात. शेजारच्या कांचनकडून चांदीचे पेले आणले. समोरच्यांच्या वेताच्या खुर्च्या आणल्या. केसरीभात करायला लावला आणि तूप घालताना स्वतः शेजारी उभे राहिले. मशीन आतल्या खोलीत ढकलून त्यावर चादर टाकली. मग काळा कोट चढवला आणि डोक्यावर जरीचा पेटा ठेवला.

"भावजी, तो आपली गरिबी बघायला येतोय," वनजा म्हणाली.

"बघू दे की. म्हणून काय त्याला मोडक्या स्टुलावर बसवायचं?"

"हो. मोडक्या स्टुलावरच बसवायचं."

"पाहुणा आहे तो, वनजा. तुला कळत नाही."

पाहुणा चांगला होता बिचारा. केसरीभात दोनदा मागून खाल्ला, कॉफीला नावाजलं आणि मग कन्नडमधून विचारलं, वर्षाचं उत्पन्न किती? वनजा तोंड उघडणार तोच भावजी म्हणाले, "देवाच्या दयेनं काही कमी नाही." त्यानं पेट्याकडे बघितलं, हातातल्या पेल्याकडे बघितलं आणि लिहून घेतलं. त्याचा तरी काय दोष? दाखला आला तो बघून वनजाला वाटलं, एवढं उत्पन्न असतं तर कृष्णमूर्तींचंच घर विकत घेतलं असतं.

घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा. ती ते तोंडावर म्हणालीसुद्धा. भावजी पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मी खोटं कुठं बोललो? आकडा तर सांगितलाच नाही."

त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी कुणाला न सांगता उठली आणि कोर्टाच्या आवारातल्या मोफत कायदे-मदतीच्या ऑफिसात गेली. दाखला पदराखाली धरून, काय खुलासा करायचा ते मनात जुळवत. तिथं प्रार्थना नावाची तरुण वकीलबाई बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दाखला हातातही घेतला नाही.

"बाईला हा लागत नाही," ती म्हणाली. "बाईला उत्पन्न न बघताच वकील मिळतो. दावा तुमच्यावर आहे ना? मग इथं सही करा."

वनजा तिथल्या बाकावर बसली. हसावं की रडावं कळेना. तिला भावजींचा राग आला, नागोजीरावांचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या वाया गेलेल्या तुपाचा आला. ती आधीच इथं आली असती तर एका सहीचं काम होतं.

पण तुपाचं प्रकरण तिथं संपायचं नव्हतं. तारखेला कृष्णमूर्ती साक्षीला उभे राहिले आणि म्हणाले, "ही माणसं गरीब नाहीत. मी जिन्यातून डोळ्यांनी बघितलंय. सरकारी माणसाला चांदीच्या पेल्यात कॉफी देतात. घरात वेताच्या खुर्च्या आहेत. यांना दुसरं घर घेणं काय अवघड?" खोटं बोलत नव्हते तेही. त्यांना दिसलं ते त्यांनी सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात प्रार्थना म्हणाली, "दुसरीकडे राहायला जाण्याजोगी तुमची ऐपत आहे की नाही, यावर सगळं येऊन ठेपलंय. पेले ज्यांनी आणले त्यांनाच उभं करावं लागेल."

"त्यांना?" वनजानं कपाळावर हात मारला. "वकीलबाई, आपल्याला परवडत नाही, हे वाक्य त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकलेलं नाही. उभे राहतील आणि पणजोबांचा घोडा सांगतील."

पुढच्या तारखेला वनजानं बजावून सांगितलं होतं की पेटा घालायचा नाही. भावजी कोट घालून, पेटा ठेवून, मिशी नीट करून आले. वनजानं त्यांच्याकडे बघायचंच सोडून दिलं. घर गेलं, असं तिनं मनाशी धरलं.

भावजी पिंजऱ्यात ताठ उभे राहिले. प्रार्थनानं विचारलं, त्या दिवशीचे चांदीचे पेले कुणाचे?

"शेजारच्या कांचनबाईंचे," भावजी कन्नडमध्ये म्हणाले. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. "खुर्च्या समोरच्यांच्या. तूप उधारीचं, ते अजून फिटलेलं नाही. मला पगार नाही, पेन्शन नाही. ही माझी भावजय मशीन चालवते, त्यावर मी जेवतो. ते मशीन मी त्या दिवशी चादरीखाली लपवलं. लाज वाटली म्हणून."

वनजा खाली बघत राहिली. हेच शब्द ऐकायला ती इतके दिवस तडफडत होती, आणि आता कधी एकदा ते थांबतात असं तिला झालं होतं.

जज्जबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "आणि हा पेटा?"

"पेटा माझा आहे," भावजी म्हणाले. "तेवढाच."

निकाल लागला त्या संध्याकाळी प्रार्थना स्वतः सांगायला घरी आली. कृष्णमूर्तींचा दावा फेटाळला होता, खोल्या राहिल्या. वनजा उठून कॉफी करायला गेली. भावजीही मागोमाग स्वयंपाकघराच्या दाराशी आले. आता हे कांचनकडे पळणार, असं वाटून तिनं वळून नुसतं बघितलं, आणि त्या बघण्यात सगळं होतं.

भावजी गेले नाहीत. बाहेर जाऊन त्यांनी मशीनपुढचं मोडकं स्टूल पंच्यानं पुसलं, वकीलबाईंना त्यावर बसवलं आणि स्वतः उंबऱ्यावर टेकले. वनजा स्टीलचे पेले घेऊन आली, तेव्हा त्यांनी आपल्यापुढचा तिच्याकडे सरकवला.

"तू घे," ते म्हणाले, आणि मग पाहुणीकडे वळून, ताठ मानेनं, "घरात पेले दोनच आहेत. मी मागाहून घेतो."